नाव बदललेलं नाही

दुर्गाबाई कऱ्हाळे पहिल्यांदा माझ्या घरी आल्या आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी माझ्या पोळ्यांना नावं ठेवली. ओट्यावर डबा उघडा होता. त्यात डोकावून म्हणाल्या, “ताई, ह्या तुमी केल्या?”

“हो.”

डब्याचं झाकण लावून म्हणाल्या, “असू द्या. पोटात गेल्यावर काय दिसतंय!”

पुण्यातल्या कसबा पेठेत सगळा जन्म गेला माझा. असं तोंडावर बोलायचा मक्ता आमच्याकडे असतो, ऐकून घ्यायची सवय नसते. पण बाई दिवसाला तीनशे पोळ्या लाटणाऱ्या. हिंजवडीत आयटीतल्या मुलींचं एक हॉस्टेल आहे, तिथल्या मेसमध्ये कामाला. त्यांच्याशी पोळीवरून काय वाद घालणार, कपाळ?

त्या दिवशी त्या सुट्टी टाकून आल्या होत्या. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीतून दीड तास काढून मनपाच्या बसथांब्यापर्यंत, आणि तिथून पत्ता विचारत विचारत चालत. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक. ते मी लगेच ओळखलं, कारण त्यात माझेही हात लागलेले होते.

दुर्गाबाईंनी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “ताई, ह्यात ऋतुजाच्या बाबांचं नाव कुठं हाय, तेवढं बोट ठिवून दाखवा.”

मी आधी चष्मा पुसत बसले. का, हे सांगायचं तर दोन वर्षं मागे जायला हवं.

मी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर माझ्या जिभेचा मारा एकट्या भाजीवाल्यावर होऊ लागला, तेव्हा मी भाषांतराची कामं घ्यायला लागले. त्यातूनच लंडनच्या एका मोठ्या मानवाधिकार संस्थेचं काम आलं. जगभरातले तुरुंग, छळ, फाशी यांवर अहवाल काढणारी ही संस्था. अलीकडे मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारतींत ठेक्यावर राबणाऱ्या माणसांकडेही ती लक्ष देऊ लागली होती. दिल्लीच्या ऑफिसातून निकिता नावाची एक तरतरीत मुलगी पुण्यात आली. तिला मराठी येत नव्हतं. ती विचारणार, मी मराठीत सांगणार, लोक बोलणार, मी उलट इंग्रजीत सांगणार, असं ठरलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर साईनाथ राहतात. बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि आता देश चालवतात. त्यांना कळल्यावर ते जिन्यातच म्हणाले, “वा! आता लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्यात वाटतं. त्या लोकांना आपल्याच घरातला केर बरा दिसतो हो. त्यांच्या देशानं इतकी वर्षं जे केलं, त्याचा अहवाल कुठाय?”

मी निकिताला हे विचारलंही. तिनं शांतपणे संस्थेनं खुद्द ब्रिटनवर लिहिलेले अहवाल मोबाइलवर दाखवले, आणि मग स्वतःच म्हणाली, “पण लोकांची एक तक्रार खरी आहे. आम्ही येतो, ऐकतो, लिहितो आणि निघून जातो. मागे काय होतं ते आम्हाला कळतही नाही.” मुलगी मला आवडली.

दुर्गाबाईंची खोली हिंजवडीशेजारच्या माणमध्ये. दहा बाय दहाची, पण भांडी अशी घासलेली की माझी मला लाज वाटावी. निकिताला त्यांनी गादीवर बसवलं, मला स्टुलावर, आणि स्वतः दाराशी उकिडव्या बसल्या. चहा आमच्या हातात पडेपर्यंत कामाचं अक्षर नाही. मग सगळं सांगितलं.

हे लोक हिंगोलीकडचे. नवऱ्याचं नाव रावसाहेब. ते नाव सासूनं ठेवलेलं. सासूबाई जन्मभर गावातल्या मोठ्या घरी धुणीभांडी करत होत्या, याला साहेब म्हण, त्याला साहेब म्हण. मुलगा झाल्यावर म्हणाल्या, आता माझ्या लेकाला लोक साहेब म्हनतील, झक मारत म्हनतील. आणि गावात म्हणायचेही.

पुण्यात आल्यावर रावसाहेब दोरीवर लटकून मोठ्या इमारतींच्या काचा पुसायच्या कामाला लागले. ठेकेदाराचा सुपरवायझर पहिल्याच दिवशी हसला. “काचा पुसणाऱ्याला मी रावसाहेब म्हणून हाक मारू? मग मॅनेजरला काय म्हणू?” पोपट नावाचा एक कामगार नुकताच काम सोडून गावी गेला होता. त्याचा पास तसाच चालू होता. नव्या माणसाची पोलीस चौकशी, दोरीच्या प्रशिक्षणाचे कागद, हा सगळा कुटाणा कोण करणार? सुपरवायझरनं पोपटचा पास रावसाहेबांच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, आजपासून तू पोपट. पासवरचा फोटो दुसऱ्याचा, पण गेटवर कोण बघतंय? मशीनचा दिवा हिरवा झाला की माणूस आत.

चौदा महिने असं चाललं. रावसाहेब घरी येऊन सांगायचे, आज पोपट सहा येळा वरखाली गेला. दुर्गाबाई हे सांगताना हसल्या. “कंपनीत पोपट, घरात साहेब! मी म्हनायचे, पिंजऱ्यातून सुटलं का पाखरू?” असं म्हणून पदर तोंडाशी धरला तो बराच वेळ तसाच.

एका दुपारी नवव्या मजल्याच्या कडेला दोरी घासून तुटली. रावसाहेब गेले तेव्हा गळ्यात पास पोपटचा होता. ठेकेदारानं सरळ हात झटकले. हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. पोपट आमचा कामगार, तो गावी जिवंत आहे. यानं त्याचा पास चोरला आणि आत घुसला. दुर्गाबाईंनी कामगार कोर्टात दावा लावला. भरपाई वगैरे त्यांच्या वकीलबाईंच्या तोंडी होतं. दुर्गाबाईंना एकच हवं होतं. ऋतुजा सातवीत होती, आणि शाळेत कुणीतरी तिला म्हणालं होतं, तुझा बाप चोरून आत शिरला म्हणून मेला.

“ते चोर न्हवते, एवढं कुठंतरी छापून येऊ द्या,” त्या निकिताला म्हणाल्या.

या सगळ्या बोलण्यात त्यांनी नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नाही. “ते”, “ऋतुजाचे बाबा”, “आमच्या घरचे”. निकितानं नाव विचारलं तेव्हा मान खाली घातली, पत्र्याच्या डब्यातून आधार कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. ते मीच वाचून दाखवलं.

शेवटी संमतीचा फॉर्म होता. त्यात तीन चौकोन. खरं नाव छापावं, नाव बदलून छापावं, उल्लेखच करू नये. निकिता बाहेर एका कामगाराशी बोलायला उठली आणि जाताना मला म्हणाली, “प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा हं. घाई नको.” मी फॉर्म घेतला. दोन वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि समोर ही बाई. मी मनात म्हटलं, बिचारीला काय कळतंय, नाव छापून आलं तर ठेकेदार मागे लागेल, नसतं लचांड. आणि नवऱ्याचं नाव तर तिच्या तोंडून निघतही नाहीये. घाबरलेली दिसते. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली, अंगठा घेतला आणि मोकळी झाले. विचारलं नाही.

वर्षभरानं अहवाल आला. प्रत्येक कुटुंबाला एक प्रत गेली. माझी प्रत मी चाळली. रावसाहेबांचं नाव झालं होतं केदार आणि दुर्गाबाईंचं शेफाली. मी पोट धरून हसले. हिंगोलीच्या चाळिशीतल्या कामकरी जोडप्याचं नाव केदार आणि शेफाली! म्हटलं, लंडनच्या साहेबांना आपली नावं म्हणजे बाजारातली भाजी, कुठलीही उचलावी. साईनाथांनाही तो किस्सा रंगवून सांगितला. तेही हसले.

आणि आता तेच पुस्तक टॉवेलातून निघून माझ्या टेबलावर होतं.

मी पान काढलं आणि बोट ठेवलं. दुर्गाबाईंना वाचता येत नाही, पण त्या वाकल्या. “काय लिवलंय?”

“केदार.”

“हा कोन?”

“तेच. म्हणजे, नाव बदललंय. इथं खाली लिहिलंय बघा, सुरक्षेसाठी नाव बदलले आहे.”

दुर्गाबाईंनी पुस्तक मिटलं. मग कोर्टात काय झालं ते सांगितलं. मागच्या तारखेला वकीलबाईंनी मोठ्या आशेनं हे पुस्तक पुढे केलं. त्यात दुसऱ्या एका कामगाराचा जबाब आहे, ठेकेदार गेलेल्या माणसांच्या पासवर नवी माणसं कशी चालवतो याचा. ठेकेदाराच्या वकिलानं पानं उलटली आणि विचारलं, यात रावसाहेब कऱ्हाळे कुठे आहेत? मग दुर्गाबाईंना उभं करून नवऱ्याचं नाव विचारलं. त्यांनी आधार कार्ड पुढे केलं. वकील म्हणाला, तोंडानं सांगा. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा तो जजसाहेबांकडे वळून म्हणाला, “पासवर पोपट, पुस्तकात केदार, आणि बाई स्वतः नाव सांगत नाहीत. नक्की मेलं तरी कोण?”

“लोकं हसले, ताई,” दुर्गाबाई म्हणाल्या. “ठेकेदारानं त्यांना पोपट केलं, तुमच्या लोकांनी केदार केलं. मंग माझा मानूस गेला कुठं?”

मी म्हटलं, “संस्थेचा नियम असतो तसा.”

शब्द तोंडातून गेला आणि दारातून साईनाथांचा आवाज आला. पेपर परत द्यायला आले होते. “बघा! मी सांगत नव्हतो? यांना माणूस नको, अहवाल हवा. गरिबाचं दुःख न्यायचं आणि त्याला फॅन्सी नाव लावून विकायचं!”

एरवी मी त्यांना जिन्यापर्यंत पिटाळलं असतं. त्या दिवशी मी मान डोलावली. फार सोयीचं होतं ते. माझी खूण लंडनच्या माथी गेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. दुर्गाबाईंनी पुस्तक पुन्हा टॉवेलात गुंडाळलं, जपून. त्या गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी निकिताला फोन केला. दिल्लीच्या ऑफिसला तोवर कुलूप लागलं होतं. कुणी म्हणे परदेशी पैशाचे नियम मोडले, कुणी म्हणे खरं बोलल्याची शिक्षा. मला त्यातलं खरंखोटं कळत नाही. निकिता घरीच होती, नोकरी गेलेली. तीही लंडनवर वैतागलेली, म्हणाली, “जगाच्या हक्कांवर बोलतात आणि आमच्याकडून रात्रंदिवस काम करून घ्यायचे. कुणी आजारी पडलं तरी विचारायचे नाहीत.” मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आता नावाचंही त्यांच्यावरच टाकू. मी तावातावानं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “पण मॅम, नाव बदलायचं की नाही हे आम्ही ठरवतच नाही. ते त्या माणसानं ठरवायचं असतं. फॉर्म त्यासाठीच असतो. दुर्गाबाईंनी काय उत्तर दिलं होतं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मॅम? तुम्ही विचारलं होतं ना?”

तीस वर्षं मी मुलांना हाच प्रश्न विचारला. गृहपाठ केला होता ना? आणि ती जशी खाली बघायची तशी मी फोन कानाला लावून फरशीकडे बघत होते. निकितानं मला रागावलंही नाही. म्हणाली, लंडनहून दुरुस्ती यायला सात-आठ महिने सहज जातील, त्यांचे वकील तपासणार. कोर्टात साक्ष द्यायची तर मी भाषांतरकार म्हणून गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली आहे, तो करार मोडेल आणि पुढे कुठलीही संस्था मला काम देणार नाही. “पण नाव त्यांचं आहे,” ती म्हणाली. “त्यांना विचारा. या वेळी खरंच विचारा.”

मी हिंजवडीला गेले. हॉस्टेलच्या मागच्या बाजूला मेसचं स्वयंपाकघर, शेगडीची धग, आणि दुर्गाबाई मांडी घालून पोळ्या लाटत होत्या. मी समोर पाटावर बसले आणि सांगून टाकलं. संस्थेनं नाही, मी केलं. तुम्हाला न विचारता केलं.

लाटणं थांबलं. मला वाटलं होतं त्या रडतील, मी समजूत घालीन. कसलं काय! त्यांनी पिठाचे हात झटकले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

“तुमी शिकलेल्या, ताई. मला इचारायला काय जिभेला फोड आला व्हता?”

“मला वाटलं, तुम्ही घाबरलात. तुम्ही त्यांचं नाव घेत नव्हतात, म्हणून…”

“आवं, नवऱ्याचं नाव घेत्यात का कुठं? तुमच्यात घेत असतील. मी लग्नात घेतलं, दार अडवलं तवा, त्यानंतर न्हाई. मी घ्यायचं नसतं, ताई. बाकी जगानं घ्यायचं असतं!”

मी कसब्यातली. माझ्या आजीनं उभ्या जन्मात आजोबांचं नाव घेतलं नव्हतं. दुकानात सुद्धा त्या नावाची वस्तू “ते आपलं” म्हणून मागायची. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. फक्त समोरच्या बाईच्या बाबतीत आठवायची तसदी मी घेतली नव्हती. मेली लाज वाटली मला.

“मी कोर्टात येऊन सांगते,” मी म्हटलं. “खरं नाव सांगायचं का, हे तुम्ही सांगा.”

“सांगा,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या. चहाही विचारला नाही.

पुढच्या तारखेला मी उभी राहिले. ठेकेदाराच्या वकिलाला माझ्या सहीचा कागद ठाऊक होता. “आपण गुप्ततेचा करार मोडताय, हे आपल्याला कळतंय ना?”

“कळतंय. करार इंग्रजीत होता, मी तीस वर्षं इंग्रजीच शिकवलंय.”

“म्हणजे संस्थेचा अहवाल खोटा आहे, असं आपलं म्हणणं?”

“अहवाल खरा आहे. त्यातला केदार म्हणजे रावसाहेब कऱ्हाळे. नाव बदलायची खूण मी केली. बाईंना विचारलं नाही.”

“का नाही विचारलं?”

“मला वाटलं, मला माहीत आहे.”

त्यावर तो खाली बसला. जजसाहेबांनी पुस्तक मागून घेतलं, निकितानं पाठवलेली फॉर्मची प्रत बघितली, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि टंकलेखकाला सांगितलं, अहवालातील सदर मजकूर मयताबाबतचा असल्याचे साक्षीदार सांगतात. मग ते वकीलबाईंना म्हणाले, अर्जदाराच्या तोंडून मात्र नाव आलेलं नाही. ते यायला हवं.

दुर्गाबाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला. त्यांचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. ठेकेदाराचा वकील घड्याळाकडे बघत होता. मागच्या बाकावर ऋतुजा शाळेच्या गणवेशात बसली होती, ती नखं कुरतडत होती. दुर्गाबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं.

“रावसाहेब,” त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, साऱ्या दालनाला ऐकू जाईल असं, “रावसाहेब सोनबा कऱ्हाळे. चौदा म्हैने ह्या ठेकेदाराकडंच कामाला व्हते. ते चोर न्हवते.”

टंकलेखकानं विचारलं, “काय नाव? परत सांगा.”

“रावसाहेब,” त्यांनी परत सांगितलं. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तसाच.

निकाल अजून लागलेला नाही. लंडनहून दुरुस्तीही आलेली नाही, आणि मला भाषांतराचं काम कुणी देत नाही. साईनाथांना मी जिन्यात गाठून खरं काय ते सांगितलं, तर ते म्हणाले, तरी संस्थेचं चुकलंच. मी म्हटलं, काही बाबतीत चुकलं असेल, या बाबतीत मी चुकले. त्यावर ते पेपर घेऊन गेले.

पण कोर्टातलं त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. जबाबाचा छापील कागद अंगठ्यासाठी आला तेव्हा दुर्गाबाईंनी शाई लावून घेतली नाही. आधी मला खुणेनं जवळ बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“ताई, बोट ठिवून दाखवा.”

मी बोट ठेवलं.

“ह्यातलं साहेब कुठलं?”

मी बोट पुढे सरकवलं. दुर्गाबाईंनी माझं बोट बाजूला सारलं आणि तिथं स्वतःचं ठेवलं.